भाचा म्हणतो "बटलरने केलं ते मी का नको?" कोचशी फाटलंय, काय सांगू त्याला?

मामा_ठिबकवाला (जळगाव)

राम राम मंडळी. इथे नेहमी नुसता वाचायला येतो, आज पहिल्यांदा टाकतोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आत्ताच ताईचा आजचा तिसरा फोन ठेवलाय.

मॅटर असं आहे की माझा भाचा, वय १७, अकरावीला, बास्केटबॉल खेळतो, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून बाकीच्यांना खेळवणारा. सहावीपासून एकाच सरांकडे. सर कडक आहेत पण खोटं कशाला बोलू, दाजींचं काम सुटलं होतं त्या वर्षी पोराचे बूट सरांनीच घेतले होते आणि कोणाला सांगितलंही नाही. यंदा विभागीयची सेमी धुळ्याला होती, मी पण गाडी घेऊन गेलो होतो. तिसऱ्या क्वार्टरला आपण सहाने पुढे, सर बाहेरून तीन बोटं दाखवतायत म्हणजे ठरलेला प्ले, ठरवलेली चाल लावा, आणि हा लागोपाठ दोनदा लांबूनच मारून मोकळा, दोन्ही रिंगला लागून बाहेर. समोरच्यांनी दोन्ही वेळा पळत जाऊन बास्केट केलं, लीड दोनवर. सरांनी याला काढला. झालं. हा बेंचवर बसलाच नाही, तिकडे पाण्याच्या जारजवळ जाऊन खाली बसला आणि बूट काढले. चौथ्या क्वार्टरला सरांनी आवाज दिला, चल आत जा, तर हा म्हणे लेस बांधतोय. आणि बांधतच राहिला हो! मी समोरच्या पायरीवरून बघतोय, एका बुटाची लेस दोन मिनिटं. शेवटी सरांनी दुसऱ्याला पाठवलं. तीनने हरलो.

चार दिवसांनी ग्रुपवर डिसेंबरच्या कॅम्पची यादी पडली, त्यात याचं नावच नाही. याने ग्रुप सोडला आणि स्टेटस ठेवलं, "जिथे किंमत नाही तिथे थांबायचं नाही". तेव्हापासून गावभर एकच, पोरगं नाशिकला चाललं. कोण म्हणे पुण्याला. एक जण तर माझ्या ठिबकच्या दुकानात पाइपचा एल्बो आणि सोल्युशन घ्यायला आला आणि मलाच सांगून गेला की नाशिकवाल्यांनी होस्टेलचा खर्च पण उचललाय. मी म्हटलं असं का, पंचेचाळीस रुपये झाले.

आणि घरात याचं काय, तर मामा, अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या जिमी बटलरने पण हेच केलं, प्रॅक्टिसमधून उठून गेला, टीमने सस्पेंड केलं, शेवटी नवी टीम मिळाली आणि पैसे पण मिळाले. आता मला बास्केटबॉलमधलं एवढंच कळतं की बॉल वरून खाली यायला पाहिजे. एनबीए बघणाऱ्यांनी सांगा, या बटलरने नेमकं काय केलं होतं? बरोबर होतं का त्याचं? ताई म्हणते तू समजव, तो तुझंच ऐकतो. माझं तो फक्त गाडीची चावी मागताना ऐकतो.

पहाटेची_मॅच (जळगाव)

मामा, मी पहाटे साडेपाचला उठून मॅच बघणाऱ्यातला. बायको म्हणते एवढ्या पहाटे उठून अभ्यास केला असता तर कलेक्टर झाला असता. बटलरचं प्रकरण रोजच्या रोज बघितलंय म्हणून सांगतो, भाचा तुम्हाला शेवटचा भागच दाखवतोय.

पहिलं म्हणजे त्याचं भांडण कोचशी होतंच कुठे? मायामी हीटचा कोच एरिक स्पोल्स्ट्रा, २००८ पासून तोच आहे, आधी त्याच टीमच्या व्हिडिओ रूममध्ये काम करायचा, तिथून वर आलेला माणूस. त्याचं आणि बटलरचं २०२२ च्या मार्चमध्ये वॉरियर्सविरुद्धच्या मॅचला टाइमआउटमध्ये असं जुंपलं होतं की बाकीच्यांनी मध्ये पडून आवरलं. सगळ्या जगाने बघितलं. आणि त्याच सीझनला हीट ईस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या गटात, पहिले आले, ईस्टच्या फायनलमध्ये बोस्टनशी सातव्या मॅचपर्यंत गेले, पुढच्याच वर्षी २०२३ ला थेट एनबीए फायनल. म्हणजे ओरडाआरडीने काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं करारावरून. २०२४ मध्ये बटलरला करार वाढवून पाहिजे होता आणि हीटचा प्रेसिडेंट पॅट रायली तयार नव्हता, पोरगं पस्तिशीला टेकलेलं, दरवर्षी बऱ्याच मॅच बाहेर. वर बटलर कुठेतरी बोलला होता की मी खेळलो असतो तर बोस्टनला आणि न्यूयॉर्कला हरवलं असतं, त्यावर रायलीने पत्रकारांसमोर सुनावलं की मैदानात नव्हतास तर तोंड बंद ठेव. तिथून आत धुमसत होतं. डिसेंबरला ट्रेडच्या, म्हणजे त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकायच्या, बातम्या सुरू झाल्या, कोण म्हणे फिनिक्स कोण म्हणे डॅलस, शेवटी २६ डिसेंबरला रायलीने पत्रक काढलं की आम्ही बटलरला ट्रेड करणार नाही. आणि भो, असं पत्रक निघालं की समजायचं. २ जानेवारी २०२५ ला मॅच हरल्यावर बटलर म्हणाला मला खेळातला आनंद परत पाहिजे आणि तो इथे मिळेल असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सात मॅच सस्पेंड. परत आला, मिलवॉकीला जायचं टीमचं विमान चुकवलं, दोन मॅच सस्पेंड. परत आला तर मॅचच्या दिवशी सकाळच्या प्रॅक्टिसला कळलं की आता तू सुरुवातीच्या पाचात नाहीस, बेंचवरून येशील. हा उठून गेला. तिसरं सस्पेन्शन, बेमुदत. भाचा सांगतो ती ही गोष्ट, तिसरी.

आणि फुकटात नाही झालं हे. सस्पेन्शनच्या एका एका मॅचमागे साधारण ३ लाख ३६ हजार डॉलर कापले त्याचे. पण त्याच्या हातात एक हुकमाचा पत्ता होता, सीझन संपला की करारातून बाहेर पडायची सोय. म्हणजे मायामीने धरून ठेवला असता तर उन्हाळ्यात तो फुकट निघून जाऊ शकला असता. म्हणून ट्रेडच्या डेडलाइनच्या आदल्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, त्यांनी तो वॉरियर्सला दिला, बदल्यात अँड्र्यू विगिन्स, अजून एकदोन खेळाडू आणि एक पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे नवीन पोरं निवडताना पहिल्या फेरीत एक निवडायचा हक्क. वॉरियर्सने लगेच दोन वर्षं वाढवून दिली.

आता भाच्याच्या हातात कोणता पत्ता आहे? पुढच्या वर्षी बारावी.

खापरावरचा_मांडा

मामा बाकी सगळं सोडा, लेसवालं एक नंबर. आमच्या ऑफिसात एक जण आहे, साहेबाने बोलावलं की पेनाचं टोपण शोधत बसतो. वीस वर्षं झाली, अजून सापडलेलं नाही.

भुसावळ_डाऊन_लाइन

मी खेळलोय म्हणून बोलतो. माझं पण एकोणिसाव्या वर्षी सरांशी वाजलं होतं, कॅप्टन दुसऱ्याला केला म्हणून. पुण्याचा एक ओळखीचा म्हणाला ये इकडे, तुझ्यासारख्याची गरज आहे. गेलो. वडिलांनी केळीचे पैसे आले होते त्यातून पाच हजार दिले. तिथे जाऊन बघतो तर माझ्यासारखे अकरा जण, प्रत्येक जण आपापल्या जिल्ह्याचा राजा. एका खोलीत सहा जण, मेसमध्ये गोडूस वरण, पहिला महिना तर घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर काढला. आणि पूर्ण सीझन जर्सीला घाम आला तो वॉर्मअपचाच. तिथला कोच वाईट नव्हता हो, त्याला माझं नाव माहिती नव्हतं एवढंच, "ए जळगाव" म्हणायचा, मी भुसावळचा.

वर्षाने परत आलो. ग्राउंडवर जायला आठ दिवस पाय उचलेना. गेलो तर सर म्हणाले, उशीर झाला, दोन राउंड जास्त मार. बस, एवढंच. पुढे स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागलो त्यात त्या माणसाचा हात किती आहे ते मलाच माहिती.

भाच्याला एवढं समजून सांगा की अमेरिकेत ट्रेड म्हणजे खेळाडू स्वतः उठून जात नाही, टीमच त्याला दुसऱ्या टीमला देते आणि त्याचा करार पगारासकट त्याच्याबरोबर जातो. आपल्याकडे नुसती बॅग जाते. आणि जिल्हा बदलायचा, कॉलेज बदलायचं तर खेळायला कधी मिळेल, कागद काय लागतील हे आधी विचारून घ्या, दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतलं पाच टक्के आरक्षण हे सगळं सर्टिफिकेटवर चालतं, स्टेटसवर नाही.

जुना_लेकर (नंदुरबार)

सगळे पोराच्याच मागे लागले म्हणून दुसरी बाजू टाकतो. कोच नेहमी बरोबर असतो असं कोणी सांगितलं? १९८१ चा नोव्हेंबर, लेकर्सचा मॅजिक जॉन्सन, वय २२. कोच पॉल वेस्टहेडने नवा ऑफेन्स, म्हणजे बास्केट करायची नवी पद्धत, आणला होता, सगळं संथ, बॉल आत टाका आणि बघत बसा, मॅजिक म्हणजे पळवणारा माणूस, त्याचा जीव घुसमटायला लागला. युटामधली मॅच संपली, तीही जिंकलेली बरं का, सलग पाचवी, आणि हा पत्रकारांना म्हणाला मला ट्रेड करा. दुसऱ्या दिवशी नारळ कोणाला मिळाला? कोचला! आणि लेकर्स त्याच सीझनला, १९८२ ला, चॅम्पियन.

आणि आता ऐका, वेस्टहेडच्या जागी त्याचा असिस्टंट बसवला, जो काही वर्षांपूर्वी रेडिओवर कॉमेंट्री करायचा. त्याचं नाव पॅट रायली. हो, तोच, बटलरवाला. ज्याची कोचची खुर्चीच मुळात एका पोराने ट्रेड मागितल्यामुळे आली, तो ८० ला टेकल्यावर पत्रक काढतो की आम्ही ट्रेड करणार नाही. मला तर हे वाचून दिवसभर हसू येत होतं.

पहाटेची_मॅच (जळगाव)

लेकरभाऊ मान्य, भारी आठवण काढली. पण अर्धी राहिली. त्यानंतर मॅजिक पहिल्यांदा घरच्या ग्राउंडवर उतरला तेव्हा लेकर्सच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आणि तो मॅजिक होता, १९८० ला पहिल्याच वर्षी फायनलचा एमव्हीपी म्हणजे सर्वात भारी खेळाडू, मालकाने १९८१ लाच त्याच्याशी २५ वर्षांचा २५ मिलियनचा करार केलेला. मालक कोणाचं ऐकणार हे वेस्टहेड सोडून सगळ्यांना माहिती होतं.

दुसऱ्या टोकाला लॅट्रेल स्प्रिवेल, १ डिसेंबर १९९७, वॉरियर्सच्या प्रॅक्टिसला कोच कार्लेसिमोचा गळाच धरला. कोच म्हणाला होता काय तर पास जरा जोरात दे. उरलेला सीझन गेला, ६८ मॅच. तरी १९९९ ला तोच न्यूयॉर्ककडून फायनल खेळला. म्हणजे टॅलेंट असलं की कोणीतरी घेतंच, हे भाच्याचं चूक नाही.

पण मला राहून राहून दुसरंच दिसतं. बातमी आधी फुटते आणि माणसं नंतर फुटतात. आत्ताचंच घ्या, ३१ ऑक्टोबर २०२५, मेम्फिसचा जा मोरंट लेकर्सविरुद्ध ८ पॉइंटवर अडकला, मॅचनंतर पत्रकारांनी विचारलं काय झालं तर म्हणाला कोचिंग स्टाफला विचारा. कोच तुओमास इसालो नवीन माणूस. एका मॅचचं सस्पेन्शन, आणि दुसऱ्या दिवसापासून मोरंट कुठल्या टीमला जाणार याच्या याद्या तयार. आता तो आणि कोच एका खोलीत बसले तरी दोघांच्या डोक्यात ती यादीच असणार ना.

बाय द वे बटलर गेला त्याचं पुढे काय झालं तेही सांगा त्याला. हीट पहिल्याच राउंडला क्लीव्हलँडकडून ४-० हरले, शेवटची मॅच ५५ पॉइंटने. आणि वॉरियर्सना दुसऱ्या राउंडला काढलं मिनेसोटाने. ती पण बटलरचीच जुनी टीम, २०१८ ला तिथूनही असंच वाजवून निघाला होता.

पीटी_मॅडम_धुळे

दादा, मी शाळेत पीटी शिकवते, घरात आमची अहिराणीच चालते त्यामुळे मध्ये मध्ये येईल. तुमची पोस्ट वाचून मला धक्काच बसला कारण त्या सेमीला मी टेबलवर स्कोअर लिहीत होते. जारजवळचा पोऱ्या तुमचा भाचा होय!

तुम्ही समोरच्या पायरीवर होतात म्हणून तुम्हाला नसेल दिसलं. दुसऱ्या पोराला पाठवल्यावर पण तुमचे सर दोनदा मागे वळून जारकडे बघत होते. शेवटचं एक मिनिट राहिलं तेव्हा टेबलपाशी आले, मला म्हणाले सब, म्हणजे खेळाडू बदलायचाय, मी म्हटलं कोणता नंबर, तर मागे बघितलं, पोऱ्या मान खाली घालून बसलेला. मग म्हणाले राहू द्या. माझ्या शीटवर चार नंबर लिहून खोडलेला आहे. भाच्याचा चार नंबरच ना?

आता खरं बोलते. पोऱ्या चुकना, पन सर बी चुकनात. सतरा वर्षाचं लेकरू रुसलं तर त्याला दोन दिवसांनी बाजूला घेऊन विचारायला नको का? आईबापाला एक फोन? डायरेक्ट ग्रुपवर यादी टाकायची आणि त्यात नाव नाही, हे आम्ही कोच लोक फार करतो, मी पण केलंय, समोर बोलायची हिंमत नसते म्हणून यादी टाकतो. आणि पोरं पण तशीच, स्टेटस ठेवतात. दोघं मोबाईलमधी भांडतस आनि दोघं एकाच गल्लीमधी ऱ्हातस.

सरांना कोणी विचारलंय का अजून? की सगळं नाशिकचं नाशिकलाच चाललंय?

खापरावरचा_मांडा

मॅडमनी स्कोअरशीट काढली, आता केस क्लोज. मामा नाशिकवाल्याचं नाव काय म्हणाला तो एल्बोवाला?

मामा_ठिबकवाला (जळगाव)

त्याला पण दुसऱ्यानेच सांगितलं होतं. आणि त्या दुसऱ्याला विचारलं तर तो म्हणे मी तुमच्याच दुकानात ऐकलं. आता बोला. मॅडम, हो, चार नंबरच. वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ.

मामा_ठिबकवाला (जळगाव)

अपडेट टाकतो, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं.

रविवारी आसोद्याला एकाच्या मळ्यात भरीत पार्टी होती, मला माहिती होतं सर तिथे येणार, त्यांचा साडू आहे तो. मुद्दाम लवकर गेलो. पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला टाकली होती, सर सोलायला बसले होते, मी पण जाऊन बसलो बाजूला. गरम वांगं हातात असलं की माणूस जास्त आवाज चढवून बोलू शकत नाही हा मला झालेला फायदा. चारपाच वांगी होईपर्यंत दोघं गप्प. मग मीच म्हटलं सर, यादीत नाव नव्हतं. तर ते म्हणाले, तो नाशिकला चाललाय ना.

मी म्हटलं तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणे टीममधल्याच पोरांनी, धुळ्याहून आलो त्याच आठवड्यात, यादी करायच्या आधी. म्हटलं जाणाराचं नाव टाकून दुसऱ्या पोराची जागा कशाला अडवू. म्हणजे बघा, आम्ही समजतोय नाव नाही म्हणून हा चाललाय आणि सर समजतायत चाललाय म्हणून नाव नाही. पहाटेवाले भाऊ, तुमचं ते बातमी आधी फुटते म्हणालात ना, तेव्हा मला तुम्ही आठवलात.

अजून एक निघालं. सर याला यंदा पॉइंटवरून काढून शूटिंगच्या जागेवर घेणार होते, याचा हात चांगला आहे आणि नववीतला एक पोरगा बॉल छान आणतो म्हणून. ते तीन बोटांचं प्ले पण त्यासाठीच होतं, बॉल त्या पोराने आणायचा आणि फिरून शेवटी शॉट आमच्याच चिरंजीवांना. त्याला वाटलं आपली जागा नववीतल्या पोराला दिली. मी विचारलं हे त्याला सांगितलं होतं का? सर वांग्याचं देठ बघत बसले. मग म्हणाले, मला वाटलं कळेल त्याला.

घरी येऊन भाच्याला पहिले नाशिकचं विचारलं. खूप खोदल्यावर इन्स्टा उघडून दाखवलं. तिकडच्या कोणा क्लबच्या पोराने धुळ्याच्या मॅचच्या रीलवर लिहिलं होतं, "भाई मस्त, कधी आलास तर ये खेळायला." एवढंच. होस्टेल नाही, खर्च नाही. त्याने त्याला लाइक केलं होतं आणि कोणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, कारण आठ दिवस सगळं कॉलेज भाव देत होतं.

मग चार नंबर लिहून खोडल्याचं सांगितलं. काही बोलला नाही. बटलरचं पण नाही बोलला. फक्त विचारलं, सर काय म्हणाले शेवटी. मी जे म्हणाले ते तसंच सांगितलं, हात धुताना म्हणाले होते, "कॅम्प एक तारखेपासून आहे, सहाला. त्याला म्हणा घरूनच लेस बांधून ये."

काल रात्री गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलो तर बूट धुवून कठड्यावर वाळत टाकलेले, लेस वेगळ्या काढून तारेवर. आज पहाटे सव्वापाचला त्याच्या खोलीतला लाइट लागला होता. मॅच बघायला उठला की ग्राउंडवर जायला ते कळलं नाही, मी खाली दुकानाचं शटर उघडायला गेलो. आज तारीख तीस.

पीटी_मॅडम_धुळे

उद्या सांगा दादा.